तिसऱ्या डोमेनची उजवी कड

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक आकृती आहे, आणि ती उजवीकडून कापलेली आहे. ती मी कापली नाही, टायपिंगवाल्याने कापली, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. बाजारातल्या एका दुकानात प्रबंध बांधायला दिला होता. दुकानदार स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, फोटो पानाच्या बाहेर जातोय. साइडने जरा कापू काय?" मी म्हणाले, "काप." उजवीकडे काय होतं हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार. मला ठाऊक होतं.

काय होतं ते सांगते, आणि सोपं करून सांगते, कारण सोपं करून सांगणं हाच माझा धंदा आहे. भिवंडीच्या एका कॉलेजात मी जीवतंत्रज्ञान शिकवते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. प्रत्येक अमिनो आम्लाला एक इंग्रजी अक्षर दिलेलं असतं, त्यामुळे प्रथिन कागदावर उतरवलं की पाचशे-सहाशे अक्षरांची, मध्ये कुठेही जागा न सोडलेली एक ओळ दिसते. नुसती वाचून डोकं दुखतं. पण निरनिराळ्या जिवांमधली एकाच कामाची प्रथिनं एकाखाली एक मांडली की गंमत दिसायला लागते. पुष्कळ अक्षरं बदललेली असतात, आणि मध्येच काही भाग असे येतात की बुरशी असो, जिवाणू असो की झाड असो, मोक्याची अक्षरं तीच. ती बदलली असती तर प्रथिनाचं काम बंद पडलं असतं, म्हणून ती टिकली. अशा टिकून राहिलेल्या, काम करणाऱ्या भागांना डोमेन म्हणतात. अनोळखी प्रथिन हातात आलं की त्यात ओळखीची डोमेन आहेत का ते शोधायचं आणि त्यावरून ते काय करत असेल ते सांगायचं. हल्ली कॉम्प्युटर हे दोन मिनिटांत करून देतो आणि सापडलेली डोमेन रंगीत ठोकळ्यांनी दाखवतो.

माझं प्रथिन एका जिवाणूचं होतं. शेलार गावाच्या बाजूच्या एका नाल्यात कापड रंगवल्यावरचं पाणी यायचं, तिथल्या गाळातून तो मी काढला होता. बाटलीत लाल रंग घालून हा जिवाणू सोडला की दोन दिवसांत पाणी फिकं व्हायचं. रंग जात होता हे खरं. तो नेमकं कोण घालवतंय हे मात्र मी ठरवून टाकलं. जिवाणूच्या एका प्रथिनाची ओळ प्रोग्रामला दिली तेव्हा जुळणाऱ्या नावांच्या यादीत पहिलंच नाव लॅकेजचं आलं. लॅकेज हे एन्झाइम रंग तोडतं. मला आणखी काय हवं होतं? मी हरखून गेले.

मग डोमेन शोधली. लॅकेजला अशी तीन लागतात, आणि त्यांत तांब्याचे अणू धरून ठेवायला हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल ठरलेल्या जागांवर असावं लागतं. त्याचं अक्षर H. तांबं नाही तर काम नाही. माझ्या आकृतीत पहिले दोन ठोकळे सरळ कडांचे आले. तिसऱ्याची उजवी कड करवतीच्या पात्यासारखी दातेरी होती. दातेरी कड म्हणजे डोमेन अपुरं आहे, प्रोग्रामची ती खूण असते. जिथे H हवेत तिथे दुसरीच अक्षरं होती. म्हणजे हे लॅकेज नव्हतं, किंवा फार तर लॅकेजचा एखादा निकामी भाऊबंद होता. माझे मार्गदर्शक तीन महिन्यांत निवृत्त होणार होते. नोकरी पक्की होणं त्या पदवीवर अडलं होतं. नवा मार्गदर्शक, नवं प्रथिन, परत तीन वर्षं, हे मला परवडणारं नव्हतं. म्हणून मी "काप" म्हणाले.

आकृती छापली गेली, पदवी मिळाली. आमच्या घरात दोन पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी, त्यात मी पहिली डॉक्टर. शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात मला गुडघा दाखवला. प्रथिनाची ओळ मी परदेशातल्या एका खुल्या डेटाबेसमध्ये लॅकेज म्हणून नोंदवली, आणि जगातल्या कुणीही त्यावर हरकत घेतली नाही. कुणी बघितलंच नसणार.

आता आमच्याकडचा प्रोजेक्टचा रिवाज सांगायला हवा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रत्येकी एक प्रथिन दिलं जातं आणि त्यातली डोमेन ओळखायला सांगतात. नवीन प्रथिनं शोधायला वेळ कुणाला आहे? तीच पाच-सहा दरवर्षी फिरतात, चिठ्ठ्या टाकून. मागच्या बॅचची फाइल पुढच्या बॅचला मिळते, बायंडिंगवाल्याकडे तर सगळ्या फाइली कॉम्प्युटरमध्येच असतात. तो फक्त पहिल्या पानावरचं नाव बदलून देतो. उत्तर आधीच ठाऊक असतं, मुलांनी त्याच्यापर्यंत पोचायचं असतं. माझं प्रथिन त्या पाच-सहांत होतं. सहा वर्षं सहा मुलांनी माझी कापलेली आकृती आपापल्या फाइलीत चिकटवली, आणि मी सहाही जणांना चांगले मार्क दिले.

सातव्या वर्षी ती चिठ्ठी निजामपुऱ्यातल्या एका मुलीला आली. तिच्या वडिलांचे बारा लूम होते, घर लूमच्याच वर. कापड व्यापाऱ्याकडे जायच्या आधी ते उतरत्या टेबलावरून ओढत बघावं लागतं, कुठे धागा तुटलाय, कुठे डाग पडलाय. ते काम ती लहानपणापासून आईबरोबर करायची. वर्गात फारशी बोलायची नाही. मी रागीट म्हणून प्रसिद्ध आहे, मुलं माझ्याकडे शंका विचारायला जोडीने येतात. ही एकटी यायची.

तिला एका गोष्टीची आस होती आणि ती तिने लपवली नव्हती. आमच्या तोंडी परीक्षेला मुंबईच्या एका संशोधन संस्थेतले सर परीक्षक म्हणून यायचे. ते दरवर्षी दोन-चार कॉलेजांतून मिळून एक मूल आपल्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून घ्यायचे, आणि ते तोंडी परीक्षेतच हेरायचे. "मॅडम, अब्बा बोलले, जागा मिळाली तर मुंबईला खालाकडे राहायची सोय करतो," ती मला जानेवारीतच सांगून गेली होती; खाला म्हणजे तिची मावशी. मी म्हणाले होते, "मन लावून कर, मिळेल." हे मी मनापासून म्हटलं होतं. ती लायकच होती.

फेब्रुवारीत एका दुपारी ती प्रिंटआउट घेऊन आली. मी पेपर तपासत होते. तिने कागद माझ्यासमोर ठेवला, त्यावर तीन ठोकळे होते आणि तिसऱ्याला ती दातेरी कड होती. इतक्या वर्षांनी ती मी पहिल्यांदाच बघत होते.

"मॅडम, मागच्या फाइलीत हे असं नाही. माझ्याकडे तिसऱ्याची कड फाटल्यासारखी येते."

खाली तिने बुरशीचं, दोन जिवाणूंचं आणि आमचं अशा चार ओळी एकाखाली एक मांडल्या होत्या. हिस्टिडीनच्या जागांवर पेन्सिलीने गोल केले होते. वरच्या तिन्ही ओळींत गोलात H होता. आमच्या ओळीत तिसऱ्या डोमेनमधल्या एकाही गोलात H नव्हता. अशी नीट कामगिरी माझ्या वर्गात कुणी केली नव्हती. मी स्वतःही माझ्या प्रबंधात केली नव्हती.

मी म्हणाले, "ओळ अर्धीच पेस्ट केलीस तू."

"अक्षरं मोजून टाकली, मॅडम. पूर्ण आहे."

"मग नेट स्लो असेल. पान अर्धवट लोड होतं आणि असं दिसतं."

असं काही होत नसतं. नेट स्लो असलं तर पान येतच नाही, निम्मं डोमेन कापून येत नाही. पण हे मी इतक्या सहज म्हणाले की ती क्षणभर स्वतःच्याच कागदाकडे संशयाने बघायला लागली. मी वर आणखी म्हणाले, "मागच्या फाइलीतली आकृती बरोबर आहे, ती घाल. परीक्षेच्या तोंडावर नसते घोळ नकोत." तिने मान डोलावली आणि कागद उचलला. मी पुन्हा पेपर तपासायला घेतले, आणि पुढच्या मुलाला रागाच्या भरात दोन मार्क कमी दिले हेही आठवतंय.

तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. लॅबमध्ये लांब टेबल, एका बाजूला परीक्षक सर आणि मी, समोर एकेक मूल. सर सावकाश पानं उलटत. इतर मुलांच्या फाइलींवर ते जुजबी विचारत होते. हिची उत्तरं चांगली आल्यावर ते सरसावून बसले. प्रथिनं एकाखाली एक का मांडतात, टिकून राहिलेलं अक्षर आणि योगायोगाने जुळलेलं अक्षर यात फरक कसा करायचा, नुसत्या पहिल्या जुळणीवरून नाव का देऊ नये, हे सगळं तिने सांगितलं. हे शेवटचं मी शिकवलेलं होतं, बरं का. वर्गात मी ते दरवर्षी ठासून सांगते.

सर खूश झाले. मग त्यांनी आकृतीचं पान उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवून ते जवळून पाहिलं.

"तिसऱ्या डोमेनची उजवी कड दिसत नाही इथे. हिस्टिडीन कुठे आहेत?"

तिने पानाच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं.

"ही आकृती तू स्वतः काढलीस?"

"नाही, सर."

"मग?"

तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, आपण रस्ता ओलांडताना एका बाजूला बघतो तितकाच वेळ. "आधीच्या फाइलीतून घेतली," ती म्हणाली.

"म्हणजे कॉपी," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. ते माझ्याकडे वळले. त्या वेळी मला फक्त गप्प बसायचं होतं. नुसती गप्प बसले असते तरी आज मी स्वतःला थोडी कमी दूषणं दिली असती. पण मी बोलले.

"मी मुलांना नेहमी सांगते, सर, स्वतः रन करून बघा म्हणून."

हे वाक्य मी तिच्यासमोर, तिच्यापासून हातभर अंतरावर बसून म्हणाले. फळ्यावर शिक्षकाने चुकीचं गणित लिहिलं तर समोरच्या मुलाला आधी वाटतं की आपल्यालाच समजलं नाही. तिचा चेहरा तसा झाला. मग तो तसा राहिला नाही. तिने फाइल उचलली, "थँक यू, सर" म्हणाली, "थँक यू, मॅडम" म्हणाली आणि गेली.

परीक्षकांना जेवायला घालायची आमच्याकडे पद्धत आहे. त्या दिवशी पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड होतं. सर म्हणाले, "मुलगी हुशार होती हो. मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण प्रोजेक्टमध्येच उचलेगिरी, तर लॅबमध्ये काय करेल?" मी त्यांना आणखी एक पुरी वाढली. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या कॉलेजचा मुलगा घेतला. हिला प्रोजेक्टमध्ये जेमतेम पास होण्याइतके मार्क मिळाले, आणि त्या कागदावर सरांच्या सहीखाली माझीही सही आहे.

पुढचं वर्ष मी लाजेत काढलं असं म्हणायला मला आवडेल, पण ते खरं नाही. लाज अधूनमधून यायची. भाजी निवडताना, पालकसभेत, वर्गात "पहिल्या जुळणीवर विसंबू नका" म्हणताना. आली की कान तापायचे, आणि मी कुणावर तरी खेकसायचे. मग ती ओसरायची आणि मी कामाला लागायचे. ती मुलगी मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये मालाची तपासणी करायला लागली आहे, हे मला तिच्या वर्गातल्या मुलीकडून कळलं. मी "अरे वा" म्हणाले. याहून जास्त निर्लज्जपणा काय असतो मला ठाऊक नाही.

मग नव्या बॅचच्या चिठ्ठ्या निघाल्या. माझं प्रथिन एका मुलीला आलं आणि ती मला हसत म्हणाली, "हा सोपा आहे ना, मॅडम? फाइल आहे माझ्याकडे." मी तिची चिठ्ठी काढून घेतली, दुसरं प्रथिन दिलं, आणि मुलं गेल्यावर लॅबमध्ये बसून माझी ती जुनी ओळ स्वतःच्या हाताने प्रोग्रामला दिली. नेट व्यवस्थित चालू होतं. दोन मिनिटांनी तीन ठोकळे आले आणि तिसऱ्याला दातेरी कड होती. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले. रडल्याने बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाही राग आला.

त्या डेटाबेसमधल्या नोंदीतलं नाव, ज्याने ती नोंद केली त्यालाच बदलता येतं. म्हणजे इतकी वर्षं ते फक्त मलाच करता आलं असतं. मी पत्र लिहिलं: तिसरं डोमेन अपुरं आहे, तांबं धरणारे हिस्टिडीन नाहीत, लॅकेज हे नाव काढावं आणि कार्य अज्ञात असं लिहावं. अर्ध्या तासाचं काम होतं. चार-पाच दिवसांत उत्तर आलं, नोंद बदलली होती. आता पत्र घेऊन तिच्याकडे जायचं, तिची माफी मागायची, आणि मग परीक्षक सरांनाही लिहायचं, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं.

शुक्रवारी गेले. शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे निजामपुऱ्याच्या गल्लीत बोललेलं ऐकू येतं. तिच्या आईने मला दारातच ओळखलं.

"या मॅडम, या. तुमचं नाव लई काढते ही. चाय घेतल्याबिगर जायचं न्हाय."

मी खुर्चीच्या टोकावर बसले. मुलीने आईला काही सांगितलं नव्हतं हे उघड होतं. ती आतून आली, गोडाऊनचा निळा शर्ट घातलेला, दुपारच्या शिफ्टला निघायच्या तयारीत. आई चहा करायला आत गेल्यावर मी घाईघाईने बोलून टाकलं.

"तू बरोबर होतीस. तिसरं डोमेन अपुरं आहे. मला तेव्हाही माहीत होतं."

"मला पण माहीत होतं, मॅडम. घरी येऊन परत दोनदा केलं होतं. तेच आलं."

"मग परीक्षेत बोलली का नाहीस?"

"तुम्ही बाजूलाच होता ना," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही बोलाल."

मी पिशवीतून पत्र काढून तिच्या हातात दिलं, म्हणाले, नाव बदलून घेतलंय, आता सरांनाही कळवणार आहे. ती उभ्याउभ्या वाचायला लागली. सावकाश, ओळीखालून बोट फिरवत. डोमेनचं वाक्य आलं, हिस्टिडीनचं वाक्य आलं, ती मान हलवत होती. मग तिचं बोट थांबलं.

ते वाक्य मी बराच विचार करून लिहिलं होतं. प्रांजळ वाटावं म्हणून. इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ एवढाच: ही त्रुटी मला माझ्या स्वतःच्या फेरतपासणीत आढळली.

"हे तुम्हाला सापडलं?" तिने विचारलं.

खोचून विचारलं नाही तिने. खरंच विचारलं. पाठवायच्या आधी ते पत्र मी चार वेळा वाचलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. माफी मागायला निघाले होते आणि तिची वस्तू दुसऱ्यांदा उचलून आणली होती. माझा चेहरा तापला, अगदी कानांपर्यंत. आतून आईने साखर किती म्हणून विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तुला सापडलं."

"मग तसं लिहा ना, मॅडम," ती म्हणाली, आणि कागद माझ्या हातात परत देऊन तिने गळ्यात आयकार्ड अडकवलं.